रानकवीची बदलती वाट



आपल्या मराठवाड्यातील पळसखेडचे कवी ना. धों. महानोर यांच्या गाण्यासंबंधी आज बोलावयाचे आहे. पावसाची पहिली सर आली की त्यांचे शब्द आपल्या ओठांवर येतात; पण महानोर म्हणजे पाऊस आणि हिरवे रान, एवढ्यावर आपण त्यांची बोळवण करतो. ते 2023 च्या ऑगस्टमध्ये गेले, तेव्हाही बहुतेकांनी एवढेच सांगितले. मला हे पटत नाही.

1967 साली ‘रानातल्या कविता’ निघाल्या तेव्हा कवीचे वय पुरते पंचविशीचेही नव्हते. त्या कविता लहान, घट्ट. पाहणारा एकटा, आणि समोर रान. दहा वर्षांनी, 1977 साली, जब्बार पटेलांचा ‘जैत रे जैत’ आला. कथा गो. नी. दांडेकरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. आता गाणे कवीच्या तोंडी राहिले नाही. ते ढोल वाजविणाऱ्या नाग्याच्या आणि चिंधीच्या तोंडी गेले, ठाकरांच्या मेळाव्यात गेले. दहाजणांनी एका दमात उचलावा असा शब्द हवा, ढोलाच्या ठेक्यावर पाऊल पडावे अशी ओळ हवी. “कवी सिनेमात गेला, आता संपला,” असे म्हणणारे आपल्याकडे नेहमीच असतात. मला विचाराल, तर या कवीला तेथे दुसऱ्याचा आवाज सापडला.

त्याची खरी कसोटी पुढे लागली. 2012 साली ‘अजिंठा’ चित्रपट आला. कवी सत्तरीच्या उंबरठ्यावर, संगीतकार कौशल इनामदार एका पिढीने धाकटे. विषय मात्र कवीच्या घराजवळचा आणि त्यांच्या दीर्घकाव्यात आधीच येऊन गेलेला: 1844 साली लेण्यांतील चित्रांच्या प्रती काढावयास आलेला रॉबर्ट गिल आणि आपल्या मातीतली पारो. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. अशा प्रेमाचे गाणे लिहावयाचे तर संवाद चालत नाही. रंग, झाड, पाणी यांनाच बोलावे लागते. म्हणजे तरुणपणीचे रान परत आले, पण आता ते नुसते पाहण्यासाठी नव्हते, दोन माणसांमधला दुभाषा होऊन आले. ओळही सैल, लांब झाली. काही ठिकाणी वाद्यांच्या गर्दीत ती गुदमरते, हे मी लपवीत नाही. पहिल्या संग्रहातला तो कोरडा, नेमका शब्द मला तेथे आठवत राहतो.

पारो 1856 साली वारली. तिची कबर अजिंठा गावी आहे. गिलच्या बहुतेक चित्रप्रती 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. गावातल्या ज्या मुलांच्या वहीत चार गाणी आहेत, त्यांनी एकदा ती कबर पाहून यावे आणि मग ही तिन्ही वळणे ओळीने ऐकावीत.