खासदारकी अडीच वर्षांची, ग्रंथपालपद पंचवीस वर्षांचं



एप्रिल 1897 मध्ये न्यूझीलंडच्या राजधानीत, वेलिंग्टनमध्ये, एक पोटनिवडणूक झाली. आदल्या डिसेंबरात वेलिंग्टन उपनगर मतदारसंघातून थॉमस विल्फर्ड नावाचे तरुण वकील निवडून आले होते. प्रचारात त्यांनी कायद्यानं घालून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त खर्च केला, म्हणून त्यांची निवड रद्द झाली. त्या जागेवर चार्ल्स विल्सन निवडून आले. विल्सन मूळचे इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचे, पेशानं पत्रकार. ‘न्यूझीलंड मेल’ या साप्ताहिकाचे ते संपादक होते.

1899 च्या सार्वत्रिक निवडणुकीत ही जागा पुन्हा विल्फर्ड यांच्याकडे गेली. पुढे विल्फर्ड वेलिंग्टनचे महापौर झाले, मंत्री झाले, विरोधी पक्षनेते झाले, ‘सर’ झाले आणि शेवटी लंडनमध्ये आपल्या देशाचे उच्चायुक्तही झाले. विल्सन मात्र अडीच वर्षांत खासदारकीतून मोकळे झाले. 1901 मध्ये ते त्याच संसदेत परत आले, पण सभागृहात नव्हे. संसदेच्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल म्हणून आले, आणि 1926 पर्यंत तिथेच राहिले.

माजी लोकप्रतिनिधीला सरकारी पद मिळालं, की आपण लगेच म्हणतो, ‘सोय लावली’. ही शंका रास्तच आहे, ती घ्यायलाच हवी. पण तिचं उत्तर नेमणुकीच्या कागदात सापडत नाही, पुढच्या कामात सापडतं. म्हणून विल्सन यांच्या काळात त्या ग्रंथालयात काय घडलं ते पाहू.

त्या वेळी न्यूझीलंडची लोकसंख्या होती जेमतेम आठ लाख. एवढ्याशा देशाच्या संसदेनं 1903 मध्ये एक कायदा केला. देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या आणि वर्तमानपत्राच्या प्रती प्रकाशकानं संसदेच्या ग्रंथालयाकडे पाठवल्याच पाहिजेत, असा तो कायदा. कायदा झाला संसदेचा, पण राबवायचा कोणी? ग्रंथपालानं. गावोगावी छोटे छापखाने, कुठे चार पानांचं साप्ताहिक, कुठे चर्चचा अहवाल, कुठे मेंढपाळांच्या संघटनेचं पत्रक. हे सगळं मागवायचं, आलेलं नोंदवायचं, न आलेल्याचा पाठपुरावा करायचा, वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधून जाडजूड खंड करायचे. या कामाला टाळ्या मिळत नाहीत, मतं तर नाहीतच. पण आपल्या देशाबद्दल उद्या कोणाला काय विचारावंसं वाटेल ते आज सांगता येत नाही, म्हणून सगळंच जपायचं, हा त्यामागचा विचार फार मोठा आहे.

आणि इथे मला वाटतं, विल्सन यांचं दुहेरी पूर्वायुष्य कामी आलं असणार. जो स्वतः सभागृहात बसला आहे, त्याला माहीत असतं की रात्री उशिरापर्यंत चर्चा चालते आणि अचानक एखाद्या सदस्याला दहा वर्षांपूर्वीचं भाषण, शेजारच्या ऑस्ट्रेलियातला एखादा कायदा, किंवा जुन्या अंकातली बातमी आत्ताच्या आत्ता हवी असते. आणि जो संपादक होता, त्याला वर्तमानपत्राची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

आता 11 डिसेंबर 1907 ची पहाट. वेलिंग्टनच्या संसद भवनाला आग लागली. जुना भाग लाकडी होता, तो झपाट्यानं पेटला, आणि मुख्य इमारतीचा जवळजवळ सगळा भाग गेला. ग्रंथालय मात्र वाचलं. ते 1899 मध्ये वेगळं, विटांमध्ये बांधलेलं होतं, आणि मुख्य इमारत व ग्रंथालय यांच्यामध्ये आग अडवणारी भिंत होती, तिला लोखंडी दार होतं. या इमारतीची हकिकत सांगण्यासारखी आहे. वास्तुविशारद थॉमस टर्नबुल यांनी ती तीन मजली आखली होती. खर्च वाचवायला सरकारनं वरचा मजला छाटला, तेव्हा टर्नबुल इतके दुखावले की नकाशावरून माझं नाव काढून टाका, असं त्यांनी सांगितलं. एक मजला गेला, पण ती भिंत आणि ते दार राहिलं. त्या पहाटे दाराच्या अलीकडे एका देशाचा छापील इतिहास होता आणि पलीकडे आग होती.

नोकरीबरोबर विल्सन यांचं लिहिणंही चालूच होतं. ‘डोमिनियन’ या दैनिकात ते ‘लीबर’ या टोपणनावानं पुस्तकांवर सदर लिहीत. त्यातल्या लेखांचं ‘रॅम्बल्स इन बुकलँड’ हे पुस्तक 1922 मध्ये निघालं. संसदेच्या ग्रंथपालानं सामान्य वाचकाशी पुस्तकांबद्दल नियमानं बोलत राहावं, हे मला फार आवडतं.

1926 मध्ये त्यांच्या जागी आले गाय स्कोलफील्ड, तेही पत्रकार आणि इतिहासकार. त्यांनी 1940 मध्ये न्यूझीलंडचा दोन खंडांचा चरित्रकोश संपादित केला. वर्तमानपत्रं जपलेली नसती, तर असा कोश एका माणसाच्या हयातीत होणं कठीण होतं. आज तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जुनी वर्तमानपत्रं ‘पेपर्स पास्ट’ या नावानं इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत खुली केली आहेत. साताऱ्यात बसलेल्या विद्यार्थ्यालाही ती चाळता येतात.

छापलेल्या प्रती ग्रंथालयांकडे पाठवण्याचा असा कायदा आपल्याकडे आहे का? आहे. 1954 चा पुस्तकं आणि वर्तमानपत्रं पोचवण्यासंबंधीचा केंद्रीय कायदा. प्रकाशित झाल्यापासून 30 दिवसांत पुस्तकाची प्रत स्वखर्चानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची. त्या तिन्हींतलं एक आपल्या मुंबईत आहे: टाऊन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. न पाठवल्यास दंड किती, तर 50 रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. या दंडाला कोण भिणार? त्यामुळे तालुक्याच्या गावी लेखकानं पदरमोड करून छापलेला गावचा इतिहास, शाळेची शतकमहोत्सवी स्मरणिका, बंद पडलेल्या साप्ताहिकाचे अंक यांतलं कितीतरी त्या ग्रंथालयांपर्यंत पोचतच नाही. पन्नास वर्षांनी त्या गावावर लिहायला बसणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही.

आपल्याकडे कितीतरी गावांत वाचनालयाच्या अध्यक्षपदी राजकारणातली माणसं असतात, माजी नगराध्यक्ष असतात, माजी आमदार असतात. त्यांच्या ओळखी असतात, त्यांच्या शब्दाला वजन असतं. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या तालुक्यात यंदा काय काय छापलं गेलं याची एक यादी करा. त्यातल्या प्रत्येकाची एक प्रत आपल्या वाचनालयात ठेवा, आणि लेखकाला व मुद्रकाला सांगून कायद्यानं ठरलेल्या प्रती त्या चारही ग्रंथालयांना रवाना करा. आणि श्रोतेहो, तुमच्या घरी असं एखादं पुस्तक, एखादी स्मरणिका, जुन्या साप्ताहिकाचा गठ्ठा पडला असेल, तर तो रद्दीत घालण्यापूर्वी वाचनालयात एकदा विचारून या.