वर्गातील वैविध्य आणि आपली जबाबदारी

(बीबी येथे विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात दिलेले भाषण)



सर्वप्रथम तथागत भगवान बुद्ध, महात्मा जोतीराव फुले, क्रांतिज्योती सावित्रीबाई, राजर्षी शाहू महाराज आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस आम्ही विनम्र अभिवादन करतो. गुणवंत विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्या मातापित्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो.

आम्ही शिक्षक नाही. बँकेत लिपिक आहोत. मग शाळेच्या विषयावर बोलण्याचा आम्हास काय अधिकार, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, शाळेत जे घडते ते काही वर्षांनी आमच्या काउंटरवर येऊन उभे राहते. शिष्यवृत्तीचे खाते उघडायला मूल येते. त्याचे नाव दाखल्यात एक, आधार कार्डावर दुसरे आणि आईच्या तोंडी तिसरेच असते. तांड्यावरच्या किंवा पालावरच्या मुलाचे नाव प्रवेशाच्या दिवशी लिहिणाऱ्याच्या कानाला अनोळखी वाटते, मग तो आपल्या ओळखीचे जवळपासचे नाव लिहून मोकळा होतो. पुढे 'नावात फरक' या दोन शब्दांवर शिष्यवृत्ती अडते. बाप मजुरी बुडवून शाळा, तहसील आणि बँक अशा चकरा मारतो. ज्या वर्गाने मुलाचे नावसुद्धा नीट ऐकून घेतले नाही, त्या वर्गाने त्याचे बाकी काय ऐकले असेल, असा प्रश्न आम्हास पडतो. आजचे बोलणे त्या प्रश्नावर आहे.

मेहकरहून सिंदखेड राजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे आपले हे गाव. आसपासच्या कोणत्याही जिल्हा परिषद शाळेचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. मराठा, माळी, धनगर, वंजारी, बौद्ध, मातंग, मुस्लिम, बंजारा अशा नाना घरांतील मुले तेथे एकत्र बसतात. कोणाच्या घरी वऱ्हाडी बोलतात, कोणाच्या घरी गोरमाटी, तर कोणाच्या घरी उर्दू. कोणाकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा होतो, कोणाकडे ईद, कोणाकडे तीज. उत्तरेकडे संग्रामपूर, जळगाव जामोदच्या सातपुड्यात गेलात तर कोरकू आणि भिल्ल मुलेही भेटतील. एका जिल्ह्यात एवढे वैविध्य आहे. पाठ्यपुस्तकात 'विविधतेत एकता' हा धडा शिकताना मुलांनी दूर पाहण्याची गरज नाही, शेजारच्या बाकाकडे पाहिले तरी पुरे.

परंतु येथे एक शंका रास्तपणे घेतली जाते. "एकीकडे जातपात विसरा म्हणता आणि दुसरीकडे वर्गात वेगळेपण सांगा म्हणता, हे कसे?" मित्रहो, याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. वैविध्य आणि विषमता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. भाषा, गाणी, सण, पेहराव, खाणेपिणे यांतील फरक हे वैविध्य होय. त्यात कोणी वर नाही, कोणी खाली नाही. जात मात्र माणसांची उतरंड लावते. बाबासाहेबांनी तिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ते याच कारणाने. वैविध्य जपायचे असते आणि विषमता मोडायची असते. खेदाची बाब ही की, आपल्या पुष्कळ शाळांमध्ये नेमके उलटे घडते. मुलाची बोली, त्याचे घर, त्याचे गाणे वर्गात पुसले जाते आणि त्याची जात मात्र सर्वांना ठाऊक राहते.

हा प्रश्न आजचा नाही. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या नावाने एका मुलाचा प्रवेश झाला. महाराष्ट्र शासनाने 2017 पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करण्याचे ठरविले. प्रवेश झाला, नाव रजिस्टरात लागले. पण बसायला गोणपाटाचा तुकडा घरून न्यावा लागे आणि शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. बाबासाहेबांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत स्वतः लिहून ठेवले आहे. त्याच विद्यार्थ्याने पुढे 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले. वर्गात नाव असणे आणि वर्गात स्थान असणे यांत किती अंतर असते, हे आपल्याला याहून स्पष्ट कोण सांगणार?

आता दुसरे उदाहरण पाहा. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1848 मध्ये पुण्याला मुलींची शाळा काढली आणि पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा काढल्या. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो 1855 मध्ये 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. आपल्या लोकांच्या हालअपेष्टा त्या मुलीने निर्भीडपणे मांडल्या आणि आमचा धर्म कोणता, असा रोखठोक प्रश्न केला. शिक्षकांनी तिला आदर्श बालिकेवर किंवा पावसाळ्यावर निबंध लिहायला लावला असता, तर तिने तोही लिहिला असता. पण त्या वर्गात आपल्या घराविषयी बोलण्याची मोकळीक होती. म्हणून पावणेदोनशे वर्षांनंतरही आपण तिचे नाव घेतो.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास हातभार लावला आणि 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूम काढला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. याच साताऱ्यात पाव शतकापूर्वी एका मुलाला माठाला हात लावता येत नव्हता, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या एका पंगतीचे मोल कळते.

भाषेच्या बाबतीत तर आपण थेट तथागतांकडे जाऊ शकतो. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातील दोन भिक्खू बंधूंनी तक्रार केली की, नाना कुळांतून आणि जातींतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते बिघडवतात, तेव्हा ते छंदस् भाषेत, म्हणजे वेदांच्या भाषेत बसवावे. तथागतांनी ती सूचना फेटाळली आणि आपापल्या भाषेत शिकण्यास अनुज्ञा दिली, असा त्याचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. अडीच हजार वर्षांपूर्वी हा निर्णय झाला असताना आज पहिलीतल्या बंजारा मुलीने आईला 'याडी' म्हटले म्हणून वर्गात हशा पिकावा, हे आपल्याला शोभत नाही. वऱ्हाडी मुलाने 'मले', 'तुले', 'काहून' म्हटले की त्याला गावंढळ ठरविले जाते. परंतु मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ 'लीळाचरित्र' याच वऱ्हाडातील रिद्धपूरला सिद्ध झाला. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना केंद्र सरकारने एकाच निर्णयाने अभिजात दर्जा दिला. त्याचा आनंद आपण सर्वांनी मानला. मग मुलांच्या बोलीचा संकोच का मानावा?

कायदाही याच बाजूचा आहे. संविधानाच्या कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे कलम 350 क सांगते. 2009 चा शिक्षण हक्क कायदा शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण, भीतिमुक्त वातावरण आणि मत मोकळेपणी मांडण्याची संधी यांचा आग्रह धरतो. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकासाठी अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य देण्यास सांगितले. एका हातची खिचडी सर्वांनी खावी, यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, यावरून रोग किती खोल आहे हे समजते.

हा रोग केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने लहान मुलांपुढे काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवून 'चांगली बाहुली कोणती' असे विचारले. बहुतेक कृष्णवर्णीय मुलांनी गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखविले. 1954 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला, त्या निकालात या अभ्यासाचाही आधार घेतला गेला. आपण कमी आहोत हे मुलाला कोणी शिकवावे लागत नाही, ते भोवतालातून आपोआप शिकते.

तर मग करावयाचे काय? आमच्या अल्पमतीप्रमाणे काही सूचना मांडतो.

पहिली गोष्ट नावाची. प्रवेशाच्या दिवशी लिहिलेले नाव आईबापांना मोठ्याने वाचून दाखवावे आणि त्यांनी होकार दिल्यावरच रजिस्टर मिटावे. यास पैसा लागत नाही, दोन मिनिटे लागतात. बँकेत उभे राहणारे पुष्कळ बाप त्या दोन मिनिटांसाठी दुवा देतील.

दुसरी गोष्ट बोलीची. पहिली-दुसरीच्या वर्गात मुलाने आपल्या बोलीत उत्तर दिले तर ते बरोबर धरावे आणि त्यालाच प्रमाण मराठीचा शब्द जोडून द्यावा. प्रमाण मराठी आलीच पाहिजे. परीक्षा, अर्ज आणि बँकेची स्लिप त्याच भाषेत असते. मात्र ती घरच्या भाषेच्या शेजारी यावी, तिला हाकलून नव्हे. शिक्षकांनी गोरमाटीचे, उर्दूचे पन्नास-पन्नास शब्द शिकून घेतले, तरी तांड्यावरचे मूल शाळेत टिकण्यास मदत होईल. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांमागे जाणारे मूल परत आले, तर 'कुठे होतास' असे दरडावण्याऐवजी त्याने पाहिलेला मुलूख त्याच्याकडून ऐकावा. भूगोलाचा तास त्यातून सहज होईल.

तिसरी गोष्ट बैठकीची. बाकावरच्या जागा, पाणी भरणे, खिचडी वाढणे आणि वर्ग झाडणे ही कामे आळीपाळीने सर्वांकडे यावीत. शिष्यवृत्तीची यादी वर्गात जातवार वाचून मुलांना उभे करण्याचा प्रकार जेथे असेल तेथे बंद व्हावा. शिष्यवृत्ती हा हक्क आहे, त्यासाठी मुलाने मान खाली घालून उभे राहण्याचे कारण नाही.

चौथी गोष्ट स्नेहसंमेलनाची. फेटिया-कांचळी भाड्याने आणून बंजारा नृत्य बसविले जाते, टाळ्याही पडतात; आणि खरी तांड्यावरची मुलगी मागे गप्प बसून असते. ते गाणे तिच्या आजीला बोलावून मुलांना शिकवा. त्याचबरोबर एक सावधगिरी बाळगा. मातंग समाजाचा मुलगा आहे म्हणून हलगी त्यानेच वाजवावी, असा आग्रह कोणी धरील तर तो संस्कृतीचा गौरव नव्हे, ते जातीचे काम पुन्हा त्याच्या गळ्यात अडकविणे होय. हलगी शिकायची तर साऱ्या वर्गाने शिकावी आणि त्या मुलाला तबला, विज्ञान प्रदर्शन किंवा भाषण हवे असेल तर ते द्यावे. वैविध्य कोठे संपते आणि विषमता कोठे सुरू होते, हे ओळखण्याची ही सोपी कसोटी आहे. ज्याची गोष्ट आहे त्याला निवड आहे की नाही, एवढे पाहावे.

पाचवी गोष्ट सहलीची. आपल्या भागातील शाळा वेरूळला जातात. तेथे एकाच डोंगरात पहिली बारा लेणी बौद्धांची, पुढची सतरा हिंदूंची आणि शेवटची पाच जैनांची. मुले कैलास लेणे पाहून गाडीत बसतात. त्यांना तिन्ही दाखवा आणि हे शेजार कसे नांदले असेल, यावर चार ओळी लिहायला सांगा.

शेवटची सूचना आपल्यालाच. ज्यांना परवडते त्यांची मुले इंग्रजी शाळांच्या गाडीत बसून बाहेरगावी जाऊ लागली आहेत, त्यात आपली नोकरदार मंडळीही आहेत. फीच्या चाळणीतून गाळलेल्या वर्गात मुलाला आपल्यासारखीच मुले भेटतात. निदान विहारातील सायंकाळच्या अभ्यासवर्गाला तरी अशी चाळणी नसावी. तेथे बौद्धांच्या मुलाबरोबर मातंगाचे, बंजाऱ्याचे, मुसलमानाचे, कुणब्याचे मूल बसले पाहिजे आणि त्याला आपल्याकडून एकही टोचणारा शब्द ऐकू येता कामा नये. ज्यांनी गोणपाटाचा इतिहास सोसला, त्यांच्या दारात कोणालाही गोणपाट मिळू नये. हे जमले तरच शाळेकडे बोट दाखविण्याचा आपणास नैतिक अधिकार राहील.

विद्यार्थी मित्रहो, बाबासाहेबांनी 1950 मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले. त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. मिलिंद हा ग्रीक राजा आणि नागसेन हा भिक्खू. दोघांची भाषा वेगळी, देश वेगळा, रीत वेगळी. राजाने प्रश्न विचारले, भिक्खूने उत्तरे दिली आणि त्या संवादातून 'मिलिंदपञ्ह' ग्रंथ झाला. तुमच्या शेजारी बसणाऱ्या मुलाचे घर तुमच्या घरासारखे नसेल. त्याला त्याच्या घराविषयी विचारा आणि त्याने तुम्हाला विचारले तर मोकळेपणी सांगा. उद्या वर्गात गेल्यावर पहिला प्रश्न एवढाच करा, "तुझे नाव तुझ्या घरी कसे म्हणतात?"

 जय भीम. नमो बुद्धाय.