कंपनीची जबाबदारी गेटपासून सुरू होते

(दुर्ग येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



भरभराटीला आलेल्या मोठ्या कंपन्यांवर सरकारने समाजाची जास्त जबाबदारी टाकावी काय, असा आजचा विषय आहे. माझे उत्तर 'होय' असे आहे. परंतु ही जबाबदारी कोठून सुरू व्हावी, हे आपण ठामपणे सांगितले पाहिजे.

मालकवर्ग म्हणतो, "आम्ही कर भरतो, रोजगार देतो. शाळा-दवाखाने हे सरकारचे काम." भिलाईकडे बघा. १९५५ साली सोव्हिएत युनियनशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. जमीन खेड्यांची, पाणी तांदुळा धरणाचे, लोहखनिज दल्ली-राजहराचे, आणि ते वाहून आणले रेल्वेने. कारखाना सरकारी असो वा खासगी, समाजाकडून एवढे घेतल्यावर त्याचे देणे लागतेच. ते दान नव्हे.

भिलाईत वसाहत, शाळा, सेक्टर ९ चे इस्पितळ झाले. परंतु दल्ली-राजहराच्या खाणीत ठेकेदाराकडे राबणारा मजूर या सुखसोयींच्या बाहेरच राहिला. १९७७ साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली हे मजूर संघटित झाले. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे १९८३ साली त्यांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल उभारले. देशाला लोखंड देणाऱ्यांना दवाखाना मात्र स्वतः बांधावा लागला!

नंतर भिलाईच्या खासगी कारखान्यांतील कामगारांनी कायम नोकरी आणि जगण्यापुरते वेतन मागितले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला. ते स्टेशन आपल्याच लाईनवरचे आहे, हे विसरू नका.

आता कायद्याकडे येऊ. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची आहे. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झाले. पाऊल चांगले, पण अपुरे आहे. पहिली उणीव अशी की, जबाबदारी नफ्याला बांधली आहे. २०१५-१६ पासून सलग तीन वर्षे सेल तोट्यात होती. अशा वेळी २ टक्क्यांचा हिशेब शून्यावर येतो. कंपनीला तोटा झाला म्हणून गावातली मुले शाळेत जायची थांबतात काय?

दुसरी उणीव मोठी आहे. कंपनी गावात शाळेची खोली बांधते, फलक लावते, फोटो छापून आणते. गेटच्या आत ठेका मजुराला पगार वेळेवर मिळतो की नाही, प्रॉव्हिडंट फंड भरला जातो की नाही, हे या हिशेबात कोणी विचारीत नाही. १९७० च्या ठेका मजूर कायद्यात ठेकेदाराने मजुरी बुडवल्यास मूळ मालकाने ती द्यावी, अशी तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत ठेका मजुरांसंबंधीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा २० वरून ५० मजुरांवर गेली. एकीकडे समाजसेवेचा आग्रह, दुसरीकडे मजुराच्या संरक्षणाला कात्री, हे कसे चालेल?

म्हणून आपल्या मागण्या तीन आहेत. ठेका मजुराचे वेतन, सुरक्षितता आणि औषधोपचार यांना मूळ कंपनी जबाबदार राहावी. ज्या कंपनीने हे पाळले नाही, तिला समाजसेवेचे श्रेय मिळू नये. आणि सरकारने स्वतःपासून सुरुवात करावी. स्टेशनवरचा सफाई मजूर आणि ग्रामीण डाकसेवक यांना न्याय दिल्याशिवाय दुसऱ्याला उपदेश करण्याचा अधिकार सरकारला पोचत नाही.

साथींनो, आपण कायम नोकरीतले आहोत, हा प्रश्न आपला नाही, असे समजू नका. आज शेजारच्या माणसाचे काम ठेक्यावर गेले, उद्या आपले जाईल. हा विषय आपापल्या शाखांच्या सभेत घ्या आणि ठेका मजुरांना त्या सभेला बोलवा.

कामगार एकजुटीचा विजय असो!