साखवाळहून निघताना



‘आवडीचे कार्य आणि मनातील भय’ हा विषय आपण मला दिलात. अशा विषयावर बोलणारा माणूस पाहता पाहता उपदेशकाच्या आसनावर जाऊन बसतो. ते टाळावे म्हणून मी एकाच व्यक्तीची हकिगत सांगणार आहे. ही व्यक्ती आपल्या गोव्याचीच, आणि तिच्या आयुष्याला वळण लागले ते एका मराठी मासिकाच्या अंकाने. तेव्हा ग्रंथालयात ती सांगणे अप्रस्तुत ठरू नये.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण जेमतेम. पंधराव्या वर्षाच्या आसपास विवाह झाला आणि घरच्या माडांच्या बागायतीची देखरेख गळ्यात पडली. प्रकृती नाजूक, मन अस्वस्थ. १८९७च्या सुमारास ‘बालबोधमेवा’ या मासिकातील बुद्धचरित्रावरचा लेख त्यांच्या वाचनात आला. हे मासिक मुलांसाठी होते आणि ते चालवीत असत ख्रिस्ती मिशनरी! कोणते बीज कोणाच्या हातून कोठे पडेल याचा नेम नाही. बुद्धाचा धर्म मूळ ग्रंथांतून समजून घ्यावयाचा, हा ध्यास त्या वाचनातून त्यांना लागला.

परंतु ध्यास लागला आणि पाऊल पडले, असे घडले नाही. त्यांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. आपल्या सभासदांपैकी ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. घराबाहेर पडून पुन्हा परतणे, निश्चय करणे आणि तो ढळणे, निराशेने दिवसचे दिवस झाकोळून जाणे, यांतले काहीही त्यांनी दडविलेले नाही. भय अनेक परींचे होते. पदरी पैसा नव्हता, इंग्रजी नव्हते, संस्कृतही नव्हते. पाली शिकविणारा गुरू कोठे भेटेल याची कल्पना नव्हती. आणि घरी पत्नी बाळाबाई व नुकतीच जन्मलेली कन्या माणिक.

१८९९च्या अखेरीस ते निघाले. भय नाहीसे झाले होते म्हणून निघाले असे मला वाटत नाही. ते सोबतच गेले असावे. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. पुढे इंदूर, ग्वाल्हेर अशी मजल करीत ते काशीस पोहोचले आणि अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकू लागले. बुद्धाचा धर्म नेपाळात जिवंत असेल या आशेने ते तेथे गेले, पण पदरी निराशाच आली. मग बोधगया, कलकत्ता आणि १९०२ साली सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांपाशी त्यांचे पालीचे अध्ययन सुरू झाले. पुढे ब्रह्मदेशही पाहिला. यातील कोणताही टप्पा घरून निघताना ठरलेला नव्हता. साखवाळहून पुण्यापुढचे काही दिसत नव्हते, आणि पुण्याहून काशीपुढचे नाही. एकदम कोलंबो दिसते, तर कदाचित त्यांचे पाऊल उंबऱ्यातच थबकले असते.

१९०६ साली ते गोव्यास परतले, तेव्हा माणिक सात वर्षांची होत आली होती. या सात वर्षांचा हिशेब आपण धर्मानंदांच्या खात्यावर मांडतो. त्यातला मोठा वाटा बाळाबाईंनी भरला. त्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही. थोरांच्या धाडसाचे पोवाडे गाताना घरातल्या या दुसऱ्या धैर्याचा उल्लेख आपण एका वाक्यात उरकतो, आणि मीही आज तेच करीत आहे, याची मला खंत वाटते.

त्यानंतर कलकत्त्यास पाली शिकविण्याचे काम मिळाले. स्थिरता आली, वेतनही बरे होते. तेथे सुखाने राहता आले असते. पण पालीचे ज्ञान मराठी मुलखात यावे ही तळमळ होती. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव गायकवाडांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करण्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले, आणि त्या ५० रुपयांसाठी धर्मानंदांनी कलकत्ता सोडले. मला विचाराल तर १८९९च्या निघण्याहून हे निघणे अधिक कठीण. तरुणपणी गमावण्यासारखे थोडे असते. आता मिळालेले हातचे सोडावयाचे होते, तेही संसारी माणसाने. बडोद्यास दिलेल्या व्याख्यानांचे ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक १९१० साली निघाले. त्याच वर्षी ‘विशुद्धिमार्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना अमेरिकेस बोलावले. १९१२ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविले. चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत, पु. वि. बापट हे पालीचे अभ्यासक त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

हार्वर्डमधील काम मात्र सरळ झाले नाही. श्रेय कोणाचे यावरून मतभेद झाले, आणि त्या ग्रंथमालेतील ‘विशुद्धिमार्ग’ प्रकाशित झाला तो १९५० साली. धर्मानंदांनी ४ जून १९४७ रोजीच सेवाग्राम येथे देह ठेवला होता. नागरी लिपीतील त्यांची आवृत्ती तेवढी १९४० साली मुंबईत निघाली होती.

शताब्दीनिमित्त जुन्या अंकांची छाननी सुरू असून जागेअभावी काही गठ्ठे काढून टाकावे लागतील, असे आपल्या चिटणीसांनी मला येथे येतानाच सांगितले. त्यांची अडचण मी जाणतो. माझी विनंती एवढीच की, मुलांच्या मासिकांचे गठ्ठे सर्वांत शेवटी काढावेत, आणि काढण्यापूर्वी ते महिनाभर वाचनालयाच्या मेजावर ठेवावेत.