कर्जाचे कारण



संयोजकांनी मला दिलेला विषय होता 'आजचे जीवन'. एवढा विषय एका तासात उरकायचा तर वक्ता तत्त्वज्ञ तरी हवा किंवा निर्भय तरी हवा. मी दोन्ही नव्हे. एका जिल्ह्याच्या गावी पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थेत मी १९७३ पासून २००८ पर्यंत, आधी लेखनिक आणि पुढे सचिव म्हणून, काम केले. माणसे देवळात खरे बोलतात की नाही हे मला ठाऊक नाही. पण कर्जाच्या अर्जात ती काय लिहितात हे मी पस्तीस वर्षे वाचले आहे. तेव्हा त्या टेबलावरून जेवढे जीवन दिसले तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

आमच्या छापील अर्जात नाव, हुद्दा, मूळ पगार आणि जामीनदारांच्या सह्या यांच्या मध्ये एक ओळ असे: 'कर्जाचे कारण'. पुढे दीडेक वीत टिंबटिंब. त्या टिंबांवर सभासदाने लिहायचे असे. मी नोकरीला लागलो तेव्हा तिथे येणारी कारणे बोटांवर मोजण्याइतकी होती. मुलीचे लग्न, वडिलांचे आजारपण, मुलाची फी, कौले बदलणे, गावाकडची विहीर, आणि 'देणे फेडणे'. यातले शेवटचे सर्वांत प्रामाणिक.

आता व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर कारण विचारण्याची संस्थेला फारशी गरज नव्हती. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम ४९ प्रमाणे सभासदाने करारनामा लिहून दिला की त्याचा मालक दरमहा पगारातूनच हप्ता कापून संस्थेकडे पाठवतो. पैसे बुडण्याची भीती बेताचीच. तरी आम्ही विचारत होतो, कारण पैसा आमचा नव्हता. शिपायापासून हेडक्लार्कपर्यंत सर्वांनी महिन्याला पाच-दहा रुपये टाकून जमवलेला तो पैसा. एकाने नेला तर दुसऱ्याला थांबावे लागे, आणि थांबणाऱ्याला विचारण्याचा हक्क असतो.

१९८२ साली दिल्लीला आशियाई खेळ झाले आणि रंगीत दूरदर्शन आले. त्या वर्षी आमच्याकडे 'घरदुरुस्ती'चे अर्ज एकाएकी वाढले. कर्ज समितीतले एक गृहस्थ संशयी स्वभावाचे. ते एका अर्जदाराच्या घरावरून मुद्दाम चक्कर मारून आले. पुढच्या सभेत त्यांनी विचारले, "कौले तर तीच दिसतात हो. दुरुस्ती म्हणजे ती वरची अँटेना का?" अर्जदार बिचारा हसला, समिती हसली आणि कर्ज मंजूर झाले. मात्र इतिवृत्तात मला 'घरदुरुस्ती' असेच लिहायला सांगण्यात आले. रंगीत दूरदर्शन संच हे कर्ज काढण्याचे कारण होऊ शकते, हे कागदावर मान्य करायला आमच्या समितीला आणखी चार-पाच वर्षे लागली.

आपण म्हणाल, म्हातारा आता जुन्या काळाची आरती ओवाळणार. तसे नाही. त्या ओळीने छळही पुष्कळ केला. एका विधवा बाईंनी लुना घेण्यासाठी अर्ज केला होता. कचेरी गावाच्या एका टोकाला, मुलीची शाळा दुसऱ्या टोकाला. समितीने तीन सभा तो अर्ज रखडवला. बाईमाणसाला लुना कशाला, एस.टी. नाही का, पडल्याबिडल्या तर हप्ता कोण भरणार, असले प्रश्न. आज त्या बाईंना हे कुणी विचारणार नाही. दुकानात जातील, आधार कार्ड दाखवतील आणि गाडी घेऊन घरी येतील. हे चांगलेच झाले. सहकाराच्या नावाखाली शेजाऱ्याच्या चुलीत डोकावण्याची आपली हौस काही कमी नव्हती.

परंतु ती ओळ गेली तेव्हा समितीचा जाच गेला, तसा अर्जदाराने स्वतःशी करावयाचा विचारही गेला. अर्ज घरी नेल्यावर माणूस रात्री त्या टिंबांपुढे बसे. शब्द सापडत नसे. कधी कधी शब्द सापडत नाही म्हणून अर्ज परतच येत नसे. असे परत न आलेले अर्ज किती, याची नोंद कुठल्याही वहीत नाही. पण माझ्या मते आमच्या संस्थेची मोठी कामगिरी तीच.

हप्त्याची पद्धत काही आपली नव्हे आणि नवीही नव्हे. अमेरिकेत सिंगर कंपनीने १८५६ च्या सुमारास शिवणयंत्रे हप्त्याने द्यायला सुरुवात केली. यंत्र महाग, पण ते घरी येऊन कमावू लागे. तेव्हा त्या हप्त्याला काही अर्थ होता. पुढे मोटारी आल्या. यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. हेन्री फोर्डला उधारी मनापासून नापसंत. त्याने १९२३ साली योजना काढली ती अशी की, गिऱ्हाइकाने दर आठवड्याला थोडे थोडे पैसे जमा करावेत आणि किंमत पुरी झाली की गाडी न्यावी. म्हणजे आपल्याकडच्या बायकांची भिशीच म्हणा ना! पण जनरल मोटर्सने १९१९ मध्येच कर्ज देणारी स्वतंत्र कंपनी काढली होती. तिथे गाडी आधी, पैसे मागून. लोक तिकडे गेले. १९२८ मध्ये फोर्डच्या कंपनीलाही मुकाट्याने तीच वाट धरावी लागली. आधी साठवा, मग घ्या, हा जुना क्रम एवढ्या मोठ्या कारखानदाराला टिकवता आला नाही, तिथे आमच्या पतसंस्थेची काय कथा!

आपल्याकडे १९९१ नंतर दुकाने भरली आणि त्यांच्यामागोमाग कर्ज देणारेही आले. आता तर कर्ज मागावेही लागत नाही, ते फोनवर आपणहून चालत येते. 'आपण पात्र आहात' असे ते आपणांस कळवते. आमच्या काळी पात्र ठरायला दोन जामीनदारांना चहा पाजावा लागे.

व्याजाबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय मला राहवत नाही. जन्माची सवय आहे. समजा, बारा हजारांचे कर्ज, एक वर्ष, दर शेकडा दहा, सरसकट. व्याज १,२०० झाले, एकूण १३,२००, महिन्याला ११०० रुपये. ऐकायला दहा टक्के. पण पहिल्या महिन्यापासून आपण मुद्दल परत करीत असतो. वर्षभर बारा हजार आपल्याकडे राहतातच कुठे? सरासरी काढली तर साडेसहा हजारच आपण वापरलेले असतात. त्यावर बाराशे व्याज म्हणजे दर अठरा टक्क्यांच्या आसपास जातो. आणि 'शून्य टक्के' ही तर त्याहून मोठी करमणूक. रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले की शून्य टक्के व्याज अशी काही वस्तूच नसते, क्रेडिट कार्डांवरच्या असल्या योजना बंद करा. त्यानंतर बाजाराने पाटी बदलली; आता 'विनाखर्च हप्ता' म्हणतात. व्याज किमतीत बसते किंवा रोखीच्या गिऱ्हाइकाला मिळाली असती ती सूट त्यात जिरते.

पण व्याजापेक्षाही मोठी गोष्ट निराळी आहे. हप्ता म्हणजे काय? पैसे उद्याचे, वस्तू आजची, असे आपण म्हणतो. पण उद्याचे पैसे आज कुणाकडेच नसतात. उद्या असते ते फक्त काम. तेव्हा हप्ता घेणारा माणूस आपले उद्याचे काम आज विकत असतो. आणि विकलेल्या कामावर आपली सत्ता राहत नाही. ते कंटाळवाणे झाले तरी करावे लागते, वरिष्ठ अपमान करीत असला तरी करावे लागते.

मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्याचा शेवट काय झाला हे आपण जाणतोच. गिरण्या गेल्या आणि पुष्कळांच्या पदरात काहीच पडले नाही. तो संप शहाणपणाचा होता की नव्हता, या वादात मी आज शिरत नाही. मला आश्चर्य वाटते ते एका वेगळ्या गोष्टीचे. इतकी माणसे इतके महिने पगाराशिवाय राहिली कशी? कर्ज त्यांनाही होते, आणि मुलाबाळांचे हाल झाले. पण पुष्कळांची कोकणात, घाटावर गावाकडे भाताची खाचरे होती, एखादा भाऊ शेतावर होता. बिऱ्हाड उचलून ती माणसे तिकडे गेली. आजचा चांगला कमावता तरुण तीन महिने पगाराशिवाय काढू शकेल का? त्याच्या पगाराला पहिल्या तारखेपूर्वीच पाय फुटलेले असतात.

आणि रविवार! नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांना संघटित केले, २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला हजारो कामगारांची सभा भरवली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारच्या सुटीला मान्यता दिली. आठवड्यातून एक दिवस माणसाने यंत्रापासून दूर असावे, एवढ्यासाठी केवढी खटपट! फोर्डने १९२६ मध्ये शनिवारचीही सुटी दिली, आणि त्यामागचा हिशेबही उघड सांगितला: ज्याला फुरसत आहे तो अधिक वस्तू वापरतो आणि म्हणून अधिक विकत घेतो. लोखंड्यांचा रविवार आणि फोर्डचा शनिवार यांतला कुठला आपल्या वाट्याला आला, हे गेल्या रविवारी आपण सहकुटुंब कुठे होतो ते आठवले की कळेल.

परवाच्याच एका रविवारी सूनबाईंनी फोनवरून कोथिंबीर आणि दही मागवले. दहा-बारा मिनिटांत एक मुलगा घामाघूम होऊन दारात उभा. त्याला पाणी दिले. म्हटले, "आज सुटी नाही का रे?" तो म्हणाला, "आजोबा, रविवारीच तर ऑर्डरी असतात. आज घरी बसलो तर गाडीचा हप्ता निघणार नाही." ती गाडी त्याने या कामासाठीच घेतली होती. म्हणजे गाडीसाठी काम आणि कामासाठी गाडी. सिंगरच्या यंत्रासारखाच हा हप्ता खरे तर कामाचा. पण यात त्याचा रविवार गेला. आणि आमच्या घरात सूनबाई कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडे का गेल्या नाहीत? तर त्याही कचेरीचे उरलेले काम मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दाराच्या आत एक, दाराबाहेर एक. दोघांनाही रविवार नाही.

आमच्या शेजारी एक तरुण राहतो. हिंजवडीला चांगल्या नोकरीत आहे. त्याला ती सोडायची आहे. शिकवण्याची आवड आहे, आणि गणित तो खरोखर सुरेख समजावून सांगतो. राजीनाम्याचा मसुदा त्याच्या फोनमध्ये दोन वर्षे पडून आहे. मला म्हणाला, "काका, नोकरी सोडायची तर आधी हप्त्यांची परवानगी काढावी लागते." मी त्याला उपदेश केला नाही. एक कागद घेतला. हातात येणारा पगार ६६,००० रुपये, कामाचे दिवस बावीस. म्हणजे दिवसाचे ३,०००. मग त्याला म्हटले, आता रुपये लिहायचे नाहीत, दिवस लिहायचे. घर बाजूला ठेवू. डोक्यावर छप्पर हे कारण आमच्या समितीनेही कधी नाकारले नाही. फोन ६०,०००चा, म्हणजे वीस दिवस. हातातले घड्याळ, जे त्याची पावले मोजते, २४,०००, आठ दिवस. थायलंडची सहल ९०,०००. सात दिवस हिंडण्यासाठी तीस दिवस काम, तेही परत आल्यावर. मोटार नऊ लाख. तीनशे दिवस, आणि व्याजाचे दिवस वेगळे. बाविसांच्या महिन्याने हे एक वर्षाहून अधिक झाले. दिवसांच्या पुढे मी एक रकाना आखला आणि त्यावर जुन्या सवयीने लिहिले: 'कर्जाचे कारण'.

फोनपुढे त्याने 'कचेरी' लिहिले. सहलीपुढे 'बायकोला शब्द दिला होता' असे लिहिले, आणि हे कारण मी तत्काळ मंजूर केले. घड्याळापुढे बराच वेळ काही लिहीना. मोटारीपुढे लिहायला घेतले, थांबला, आणि म्हणाला, "काका, मी कचेरीला कंपनीच्या बसने जातो."

तो कागद तो घरी घेऊन गेला. राजीनामा त्याने अजून दिलेला नाही. मोटार विकायला काढली आहे, पण येणारे गिऱ्हाईकही हप्त्यानेच मागते आहे, असे तो परवा जिन्यात सांगत होता.

घंटा झाली आहे. व्याजाच्या गणिताबद्दल कुणाला काही विचारायचे असेल तर मी व्यासपीठाखाली थांबतो. कागद-पेन्सिल बरोबर आणली आहे.