टपाल कोणाचे?



मी सातवी शिकलेली. भाषण मला येत नाही. घडले तेवढे सांगते.

आमचे यजमान आणि मोठे दीर यांचे भागीदारीत मसाल्याचे दुकान होते. २०१८ साली दोघे वेगळे झाले, पण दुकानाचे नाव कोणीच सोडीना. टपाल जुन्या पत्त्यावर, म्हणजे दिरांकडे जाई. ते आमची पत्रे देईनात, म्हणून यजमान पोस्टमनला वाटेतच गाठू लागले. या ओढाताणीत कर्जाच्या हप्त्याचे बँकेचे पत्र दोन महिने फडताळात पडून राहिले. दंड दोघांनाही बसला.

शेवटी मीच जाऊबाईंकडे गेले. म्हटले, "वहिनी, पत्रावर नाव दुकानाचे आहे. आपण दोघी मिळून फोडू." त्यांनी चहाचे आधण ठेवले. पुरुषांनी कुरकुर केली, पण दर शनिवारी आम्ही वहीत नोंद करू लागलो. नवी मागणी ज्याची त्याला, जुने देणे दोघांचे.

पुढे वकिलांनी १९३२ चा भागीदारी कायदा समजावला. भागीदारी मोडल्याची जाहीर नोटीस राजपत्रात आणि जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रात द्यावी लागते. भागीदारी नोंदलेली असल्यास निबंधकालाही कळवावे लागते. नाहीतर एकाने केलेल्या देण्यात दुसराही अडकतो. आम्ही नोटीस दिली, यजमानांनी नवे नाव घेतले, आणि जुन्या नावाचे टपाल दिरांना द्यावे असे दोघांच्या सहीचे पत्र पोस्टात दिले.

भगिनींनो, वाटणीत आपण भांडी मोजतो. टपाल कोणी घ्यायचे तेही त्याच दिवशी लिहून ठेवा. आमची वही आता मिटली. शनिवारचा चहा मात्र चालू आहे.