मुंबईची हवा आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



‘प्रदूषण’ या विषयावर शाळाशाळांतून इतके निबंध लिहिले गेले आहेत की हा शब्द ऐकताच विद्यार्थ्यांना जांभई येते. म्हणून मी आज सबंध पृथ्वीची चिंता वाहणार नाही. फक्त मुंबईच्या हवेविषयी, आणि त्यातही आपल्या घराशेजारच्या धुराविषयी बोलणार आहे.

मुंबईत धुराची तक्रार नवी नव्हे. कापडगिरण्यांची धुराडी जोरात होती त्या काळी, १९१२ साली, येथे धुराच्या उपद्रवाविरुद्ध खास कायदा करावा लागला होता. पुढे १९५० नंतर चेंबूर-ट्रॉम्बे भागात तेलशुद्धीकरणाचे कारखाने, औष्णिक वीजकेंद्र आणि खतांचा कारखाना उभा राहिला व लोक चेंबूरला ‘गॅस चेंबर’ म्हणू लागले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. धुराडी थंडावली तशी हवाही शुद्ध व्हायला हवी होती. पण तसे घडले नाही. गिरण्यांच्या जागी टोलेजंग इमारती उठल्या, पाडकाम आणि बांधकाम यांची धूळ वाढली, आणि रस्त्यावरची वाहने तीच धूळ दिवसभर उडवीत राहिली.

खरे म्हणजे समुद्राने मुंबईवर मोठेच उपकार केले आहेत. दिवसा समुद्रावरून येणारा वारा शहरातील घाण हवा हलवितो आणि पावसाळा ती धुऊन काढतो. हिवाळ्यात मात्र वारा मंदावतो. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, तिच्यावर उबदार हवेचे जणू झाकण बसते आणि धूर खालीच कोंडतो. घराघरांतून खोकला सुरू होतो तो याच दिवसांत. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने हवेच्या या स्थितीची स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेनेही बांधकामांभोवती उंच पत्रे लावण्याचे व पाणी फवारण्याचे नियम केले.

डोळ्यांना दिसते ती धूळ त्रासदायक असते, परंतु अधिक घातक असतात ते न दिसणारे कण. अडीच मायक्रॉनचा कण केसाच्या जाडीपेक्षा पंचवीस-तीस पटींनी बारीक असतो. तो नाकात अडत नाही. फुप्फुसाच्या तळाशी जातो आणि तेथून रक्तातही उतरतो. दमा तर वाढतोच, पण हृदयविकार आणि पक्षाघात यांचाही संबंध या कणांशी आहे. मुलांचे श्वसन मोठ्यांपेक्षा जलद, म्हणून वजनाच्या मानाने ती अधिक हवा आत घेतात. आपल्या देशाने या कणांची वार्षिक मर्यादा दर घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅम ठरविली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ती २०२१ मध्ये ५ वर आणली. तेव्हा सरकारी मापाने ठीक ठरलेली हवा फुप्फुसाच्या मापानेही ठीक असतेच असे नाही.

आणि ही हवा सर्वांना सारखी वाटलेली नाही. देवनारला १९२७ पासून शहराचा कचरा पडत आला. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला आग लागली तेव्हा धुरामुळे आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. कचरा साऱ्या मुंबईचा, सुट्टी मात्र गोवंडीच्या मुलांना! तेथेच इस्पितळांचा कचरा जाळणारा कारखानाही होता. रहिवाशांनी गाऱ्हाणे न्यायालयापर्यंत नेले, आणि २०२३ मध्ये तो दोन वर्षांत हलविण्याचा आदेश झाला. हे काम रहिवाशांच्या एका साध्या मंडळाने केले, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

आता जरा अवघड विषयाकडे वळतो. आपल्यापैकी कित्येक कुटुंबांचा चरितार्थ बेकरीवर चालतो. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्यास सांगितले. त्यावर पुष्कळांनी विचारले, मोठे कारखाने सोडून गरीब पाववाल्यालाच का धरता? या प्रश्नात तथ्य आहे आणि तो विचारलाच पाहिजे. परंतु भट्टीत जळते काय, तेही पाहा. जुन्या फर्निचरचे, रंग आणि पॉलिश लागलेले लाकूड स्वस्त मिळते म्हणून तेच पुष्कळदा जाळले जाते आणि त्याचा धूर साध्या लाकडाच्या धुराहून विषारी असतो. तो सर्वांत आधी कोणाच्या छातीत जातो? रात्रभर भट्टीसमोर उभे राहून त्याच दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपणाऱ्या कारागिराच्या. तो आपलाच भाऊ, आपलाच गाववाला असतो.

म्हणून भट्टी बदलावी, या मताचा मी आहे. मात्र बदलाचा सारा बोजा एकट्या बेकरीवाल्यावर पडणे न्याय्य नव्हे. अरुंद गल्लीत गॅसची वाहिनी आणणे सोपे नसते, आणि विजेच्या भट्टीला भांडवल लागते. अशा वेळी चार-सहा बेकरीवाल्यांनी मिळून बँकेकडे कर्ज मागितले, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला, तर एकट्याच्या अर्जापेक्षा त्याला वजन येते. ज्या पालकांनी गॅसची किंवा विजेची भट्टी बसविली आहे, त्यांनी कार्यक्रमानंतर थोडा वेळ थांबावे. खर्च किती आला, महिन्याचे बिल किती येते आणि पावाच्या चवीत गिऱ्हाईकाला फरक जाणवला का, एवढेच त्यांनी इतरांना सांगावे. माझ्याकडे सर्वाधिक विचारणा याच तीन गोष्टींची होते.